डोळे मिटून हात हलवणं हा व्यायाम आहे का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे बाबा ६६ वर्षांचे, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यातून टर्नर (लेथ मशीनवर काम करणारे) म्हणून निवृत्त झालेले. चार महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी सुधारला, काठी घेऊन ऐरोलीला सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारतात. हात खांद्यातून थोडा उचलला जातो, पण बोटं मुठीत वळलेली राहतात, उघडत नाहीत. बोलणं आणि समजणं ठीक आहे. फिजिओने रोज पंधरा मिनिटं डोळे मिटून ‘पेला उचलतोय’ अशी कल्पना करायला सांगितली आहे आणि बाबा दोन मिनिटांत पेंगतात. तुम्ही विचारलंय, याने मेंदूत खरंच काही होतं की घरच्यांच्या समाधानासाठी सांगितलेली गोष्ट आहे? आणि ऑनलाइन मिळणारा, मेंदूच्या लहरी दाखवणारा हेडबँड घ्यावा का?

मी ठाण्यात न्यूरो फिजिओथेरपी करते. सकाळी नौपाड्यातलं छोटं क्लिनिक, दुपारनंतर घरोघरी. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात असतो, फक्त बहुतेक लोक तो तोंडावर विचारत नाहीत, त्यामुळे तुम्ही विचारलात हे बरं झालं. मी बाबांना तपासलेलं नाही, त्यांचा एमआरआय पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी ‘असं असेल तर’ अशाच सांगाव्या लागतील.

मेंदूत काही होतं का, याचं उत्तर सरळ आहे: होतं. पण माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे नाहीच. अडचण ही आहे की हा व्यायाम बाहेरून दिसत नाही. पाय उचलला तर तुम्हाला दिसतो, चेंडू दाबला तर दिसतो. डोळे मिटून बसलेला माणूस काम करतोय, भलताच विचार करतोय की झोपलाय, हे समोरच्याला कळत नाही. खूपदा करणाऱ्यालाही कळत नाही. ते कळायचं कसं, यावरच मी जास्त लिहिणार आहे.

आधी एक छोटी गोष्ट स्वतः करून पाहा. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीला लावा, मग मधल्या बोटाला, अनामिकेला, करंगळीला, आणि तसंच परत तर्जनीपर्यंत या. असं पाच वेळा करा आणि मोबाइलवर वेळ लावा. आता हात मांडीवर सैल सोडा, एकही बोट न हलवता हेच पाच वेळा मनातल्या मनात करा. बोटाला बोट टेकल्याचं जाणवू द्या, घाई करू नका, आणि पुन्हा वेळ बघा. बहुतेकांचे दोन आकडे बरेच जवळ येतात. फ्रान्समध्ये लिऑं इथे मार्क जानेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०-९०च्या दशकांत हे बारकाईने तपासलं. ठरावीक अंतर चालायला लागतो जवळजवळ तेवढाच वेळ ते चालणं मनात करायलाही लागतो. अवघड, नेमकी हालचाल प्रत्यक्षात हळू होते, तशी मनातही हळूच होते. नुसतं चित्र असतं तर ते हव्या त्या वेगाने पळवता आलं असतं. हालचाल ठरवणारी मेंदूची यंत्रणाच आत कामाला लागलेली असते, म्हणून वेळ तसाच लागतो. जोरात पळण्याची नीट कल्पना केली तर हृदयाचे ठोके आणि श्वासही थोडे वाढतात, पाय जागचे हलले नाहीत तरी.

मेंदूत नक्की कुठे? १९८० मध्ये कोपनहेगनला पेर रोलँड आणि सहकाऱ्यांनी माणसांना बोटांची एक क्रमवार हालचाल आधी करायला आणि मग फक्त मनात करायला सांगितली, आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्तप्रवाह वाढतो ते मोजलं. प्रत्यक्ष हालचालीत बरेच भाग जागे झाले. कल्पनेत मुख्यतः एकच भाग ठळक दिसला. तो म्हणजे डोक्याच्या वरच्या बाजूला, दोन अर्ध्या मेंदूंच्या मधल्या भिंतीवर असलेला सप्लिमेंटरी मोटर एरिया. हालचालीची मांडणी आणि क्रम बसवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. पुढे एमआरआयने अधिक बारीक पाहता आलं, तेव्हा प्रीमोटर भाग, पराएटल भाग (मेंदूचा वरचा, मागच्या बाजूचा), लहान मेंदू आणि आतल्या बेसल गँगलिया असे सगळे त्यात आहेत हे स्पष्ट झालं. स्नायूंना शेवटचा हुकूम पाठवणारा प्रायमरी मोटर कॉर्टेक्स मात्र कल्पनेत कधी थोडा जागा होतो, कधी दिसतच नाही. मेंदू तो हुकूम आवरूनही धरतो, म्हणून आपण मनात धावतो आणि खुर्चीतून पडत नाही.

घरच्यांना ‘समाधान’ हा शब्द सुचतो तेव्हा मी एक उदाहरण आवर्जून सांगते. इंग्लंडमध्ये केंब्रिजला एड्रियन ओवेन यांच्या गटाने २००६ मध्ये एका २३ वर्षांच्या मुलीचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. अपघातानंतर ती डोळे उघडत असे, पण कशालाच प्रतिसाद देत नव्हती. तिला काहीच कळत नाही असं तपासणीतून दिसत होतं. एमआरआय यंत्रात तिला सांगितलं, ‘टेनिस खेळतेस अशी कल्पना कर’, आणि निरोगी माणसांत उजळतो तोच सप्लिमेंटरी मोटर एरिया तिच्याही मेंदूत उजळला. ‘घरातल्या खोल्यांतून फिरतेस अशी कल्पना कर’ म्हटल्यावर वेगळे भाग उजळले. अशा अवस्थेतल्या सगळ्याच रुग्णांत हे दिसत नाही, थोड्यांतच दिसतं. पण हालचालीची कल्पना ही मोजता येण्याजोगी, ठरवून केलेली कृती आहे, हे याहून स्पष्ट कसं दाखवणार?

आता यातून सुधारणा होते का, हा पुढचा प्रश्न. तो वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत करू नका. मेंदू उजळला म्हणजे हात उघडला असं नाही.

निरोगी माणसांत पुरावा चांगला आहे. १९९२ मध्ये युए आणि कोल यांनी करंगळी बाहेर ढकलण्याची ताकद चार आठवडे वाढवायला दिली. ज्यांनी खरोखर व्यायाम केला त्यांची ताकद ३० टक्के वाढली, ज्यांनी फक्त कल्पना केली त्यांची २२ टक्के. कल्पनेने स्नायू फुगत नाही, म्हणजे वाढ झाली ती मेंदूकडून येणाऱ्या हुकमात. १९९५ मध्ये पास्क्वाल-लिओन यांनी पियानो कधीच न वाजवलेल्या लोकांना पाच बोटांचा एक धडा पाच दिवस, रोज दोन तास दिला. मनात वाजवणाऱ्यांच्या मेंदूतलाही बोटांचा नकाशा वाढला. वाजवण्यात मात्र ते पाचव्या दिवशी तिथे पोचले जिथे खरं वाजवणारे तिसऱ्या दिवशी होते. मग त्यांना एकदाच दोन तास खरा पियानो दिला आणि त्यांनी बाकीच्यांना गाठलं. माझ्या कामासाठी मला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कल्पनेने तयारी होते, पण ती हातात उतरते ती हाताने खरं काम केल्यावर.

पॅरालिसिसच्या रुग्णांत चित्र मिश्र आहे, आणि ते तसंच सांगायला हवं. २००७ मध्ये अमेरिकेत स्टीफन पेज यांच्या गटाने जुन्या झटक्याच्या ३२ रुग्णांवर अभ्यास केला. खऱ्या व्यायामाला जोडून कल्पनेचा सराव करणाऱ्यांचा हात जास्त सुधारला. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये १२१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. त्यात झटक्यानंतर पहिल्या काही महिन्यांतले, म्हणजे तुमच्या बाबांसारखेच रुग्ण होते, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणारी संस्था. तिच्या २०२०च्या आढाव्याने सगळे अभ्यास एकत्र पाहून निष्कर्ष काढला की इतर उपचारांच्या जोडीला मनातला सराव दिला तर हाताची कामं करण्याची क्षमता बहुधा अधिक सुधारते. ‘जोडीला’ हा शब्द अधोरेखित करा. माझाही अनुभव तोच आहे. सकाळी फिजिओ येऊन गेला आणि दुपारी नुसती कल्पना केली, यातून मी फारसं निघालेलं पाहिलेलं नाही. कल्पना करून लगेच त्याच हालचालीचा खरा प्रयत्न केला, तिथे फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा, बाबा खरंच करताहेत का.

कल्पना दोन तऱ्हेने करता येते. एक, स्वतःला बाहेरून पाहणं, जणू टीव्हीवर आपलाच हात चाललाय. दुसरी, आतून करणं, म्हणजे ओढ, वजन, स्पर्श जाणवणं. हालचालीच्या यंत्रणेला जास्त जागं करते ती दुसरी. ‘कल्पना करा’ म्हटलं की बहुतेक लोक पहिली करतात. कळव्याच्या एका आजींना मी भाकरी थापायला दिली होती, मनात. त्या छान वर्णन करायच्या, परात कुठली, पीठ कसलं. पण परातीचा गारवा कुठल्या बोटाला लागतो, भाकरी फिरवताना तळहाताच्या कुठल्या कडेवर जोर येतो, असं विचारलं तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, मी बघत होते, करत नव्हते.” त्या दिवसापासून त्यांचा सराव बदलला. हा फरक स्वतःहून ओळखणारे रुग्ण थोडे, पण विचारलं की जवळजवळ सगळ्यांना उमगतो.

म्हणून बाबांना ‘केलंत का?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ येणार. ‘पेला गार होता की कोमट? आधी अंगठा लागला की बोटं? मनगट वर होतं की खाली पडलं होतं?’ असं विचारा. उत्तर लगेच आणि ठाम आलं तर ते आत होते. विचार करून सांगावं लागलं तर बाहेर होते.

दुसरी कसोटी वेळेची. आधी चांगल्या, डाव्या हाताने पेला उचलून तोंडाशी नेऊन परत ठेवायला लावा आणि वेळ लावा. मग तेच डाव्या हाताने मनात. सुरुवात आणि शेवट ‘हां’ म्हणून सांगायचा. मग उजव्या हाताने मनात. लुळ्या हाताची कल्पना बहुधा सावकाश होते. ते चांगलं लक्षण समजा, कारण मेंदू त्या हाताच्या आजच्या स्थितीचा हिशेब धरतोय. उजव्याचं काम मनात एका सेकंदात आटोपत असेल, तर त्यांनी ते केलेलं नाही, फक्त ‘उचलला’ असं ठरवलंय. आणि दर वेळी आकडा वेडावाकडा येत असेल, डाव्या हाताचाही, तर ते फिजिओच्या कानावर घाला. पराएटल भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना हालचालीची वेळ मनात जुळवताच येत नाही. १९९६ मध्ये अँजेला सिरिगू आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. अशा माणसाला रोज पंधरा मिनिटं डोळे मिटायला लावून त्रास देण्यात अर्थ नाही. त्याला आरशाचा व्यायाम (आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब पाहत करायचा) किंवा दुसऱ्याची हालचाल पाहून करायचा व्यायाम जास्त मानवतो.

पेंगण्याबद्दल. पलंगावर आडवं पडून, जेवणानंतर, डोळे मिटून कोणीही झोपेल. टेबलाशी बसवा, सकाळी, उजवा हात टेबलावर जसा काम करताना असेल तसाच ठेवून. खरा पेला समोर ठेवा. झोप येत असेल तर डोळे उघडे चालतील. पंधरा मिनिटं सलग मी कोणालाच देत नाही. पाच मिनिटं पुरेत. चार-पाच वेळा मनात, लगेच एकदा खरा प्रयत्न, तुमच्या हाताच्या आधाराने असला तरी चालेल, मग पुन्हा मनात. नीट केलं तर पाच मिनिटांतही दमायला होतं. दमले तर आनंदाने थांबवा.

आणि पेलाच कशाला? ज्यांच्या हातांनी आयुष्यभर लेथ चालवलं त्यांना पेल्यात काय रस येणार! त्यांना विचारा, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकमध्ये (लेथच्या पकडीत) बांधताना चकच्या चावीवर हात कसा पडायचा? शेवटचा आवळ खांद्यातून यायचा की मनगटातून? क्रॉस स्लाइडचं चाक बोटांच्या टोकांनी किती हलकं फिरायचं? बोलता बोलता त्यांचा डावा हात आपोआप ती हालचाल करायला लागेल, बघा. ही हालचाल त्यांच्या मेंदूत इतकी पक्की आहे की ती आतून जाणवायला वेगळे कष्ट पडणार नाहीत. फक्त एक काळजी घ्या. घरचे नेहमी पकडायचीच कल्पना करायला लावतात, आणि बाबांचा हात आधीच मुठीत वळलेला आहे. त्यांना सराव हवाय तो सोडण्याचा. चावी आवळून झाली, आता बोटं उघडून ती सोडायची, चकमधून काढून बाजूला ठेवायची. कुठलाही टर्नर चावी चकमध्ये राहू देत नाही, हे त्यांना सांगावं लागणार नाही. बोटं एकेक करून दांड्यावरून सुटताहेत, तळहाताला वारा लागतोय, यावर जास्त वेळ घालवा.

हे चालू असताना तुम्ही त्यांच्या उजव्या दंडावर आणि पोटरीसारख्या दिसणाऱ्या कोपराखालच्या भागावर हलका हात ठेवा. स्नायू सैल राहायला हवा. कल्पना करताना मूठ अधिक आवळत असेल, कोपर वाकत असेल, तर ते जोर लावताहेत. थांबवा, दोन श्वास घेऊ द्या, हालचाल लहान करा. हातात सूज, लाली, हात लावला तरी कळ, असं काही असेल तर कल्पनेचा सराव सध्या नकोच. दुखऱ्या हाताच्या हालचालीची नुसती कल्पना केली तरी दुखणं आणि सूज वाढू शकते. अशा वेळी आम्ही आधी हातांचे फोटो दाखवून ‘हा डावा की उजवा’ एवढंच ओळखायला देतो. ते ओळखताना मेंदू नकळत आपला हात मनात वळवून बघतोच, पण हलक्या मापाने.

हेडबँडचं सांगते. त्यामागचं शास्त्र खरं आहे. हाताचं काम सांभाळणाऱ्या पेशी निवांत असतात तेव्हा भजनातल्या टाळकऱ्यांसारख्या एका ठेक्यात वाजत असतात, म्हणून त्यांचा आवाज डोक्याच्या कातडीवरूनही ऐकू येतो. सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा, याला म्यू लहर म्हणतात. हात हलवला किंवा हलवल्याची कल्पना केली की तो ठेका मोडतो आणि लहर मंदावते, मुख्यतः हाताच्या विरुद्ध बाजूच्या मेंदूत. ऑस्ट्रियात ग्राझला गेर्ट फुर्टशेलर यांनी हे वर्षानुवर्षं मोजलं आणि त्यावर विचारांनी चालणारी यंत्रं उभी राहिली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) अशा लहरींवर चालणाऱ्या, हात उघडायला मदत करणाऱ्या एका यंत्राला जुन्या झटक्याच्या रुग्णांसाठी परवानगीही दिली.

पण म्यू लहर टिपायची तर इलेक्ट्रोड टाळूपासून कानाकडे सहा-सात सेंटिमीटरवर, केसांतून कातडीला नीट टेकलेला हवा. कपाळावर बांधायच्या पट्टीला ती जागाच मिळत नाही. तिला पापण्यांची उघडझाप आणि जबड्याची हालचालच जास्त मिळते. त्यातून डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागातून त्याच वेगाची अल्फा लहर वाढते, त्यामुळे पट्टीने ‘छान चाललंय’ असं दाखवलं तरी बाबा नुसते डोळे मिटून स्वस्थ बसलेले असतील. पैसे घालायचेच तर आठवड्यातून फिजिओची एक फेरी वाढवा आणि साधा आरसा आणा.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. ‘मनापासून करा बाबा, विलपॉवर पाहिजे’ हे वाक्य घरात कोणी बोलत असेल तर बंद करा. हात उघडत नाही तो झटक्याने मेंदूतल्या वाटा तुटल्यामुळे. किती वाटा शिल्लक आहेत यावर बरंच काही ठरतं, आणि ते इच्छेवर नाही. हात उघडला नाही म्हणजे मनात कमी पडलो, असं एकदा रुग्णाच्या डोक्यात बसलं की तो डोळे मिटायलाच घाबरतो. काहींना कल्पनेत हात दिसतही नाही, जाणवतही नाही, झटका येण्याआधीपासूनच. अशांसाठी दुसरे रस्ते आहेत.

पुढच्या भेटीत फिजिओला एमआरआयचा रिपोर्ट दाखवा आणि पराएटल भागाला इजा आहे का ते विचारून घ्या. तोपर्यंत आठवडाभर वेळेचे आकडे एका वहीत लिहा, डावा खरा, डावा मनात, उजवा मनात, असे तीन रकाने करून. ते आकडे इथे टाकलेत तर लेथचा सराव कुठल्या टप्प्यापासून सुरू करायचा, ते नेमकं सांगता येईल.